रात्री ऑक्सिजन उतरतो, मग सरळ ऑक्सिजनच लावायचा का?

प्रश्न : माझे यजमान ५९ वर्षांचे आहेत. तीस वर्षं सिगारेट ओढली, चार वर्षांपूर्वी सोडली. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुना आजार, आहे, सकाळ-संध्याकाळ इनहेलर चालू आहे. रक्तदाबाची गोळीही आहे. वजन ९२ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, शर्टाची कॉलर ४४ ची लागते. घोरणं जुनंच आहे, पण गेल्या वर्षभरात घोरता घोरता मध्येच एकदम शांत होतात आणि मग घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेतात. सकाळी डोकं जड असतं, तासाभरात उतरतं. दुपारी पेपर वाचता वाचता पेंगतात. अडीच-तीनला जाग आली की पुन्हा झोप लागत नाही अशी तक्रार वेगळीच. मागच्या आठवड्यात पहाटे साडेतीनला बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिला तर ८४! दिवसा ९३ असतो. एक नातेवाईक म्हणतात ऑक्सिजनचं मशीन आणून रात्रभर लावा, दुसरे म्हणतात झोपेची अर्धी गोळी द्या. काय करू? आणि हे घोरणं फुप्फुसांच्या आजारामुळेच आहे का?

उत्तर : झोपेची गोळी नको. ऑक्सिजनचं मशीनही आपल्या मनाने नको. आधी छातीविकारतज्ज्ञांना भेटून रुग्णालयात रात्रभराची झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, करून घ्या. ८४ हा आकडा घाबरवणारा आहे हे खरं, पण तो परिणाम आहे. ऑक्सिजन का उतरतो हे न शोधता वरून ऑक्सिजन सोडला तर आकडा सुधारेल, आजार तसाच राहील, आणि तुमच्या यजमानांसारख्या रुग्णात एखाद्या वेळी तो आणखी बिघडेलही. कसा ते पुढे येईलच.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. घोरणं फुप्फुसांतून येत नाही, घशातून येतं. नाकाच्या मागच्या बाजूपासून स्वरयंत्रापर्यंतचा घसा हाडाच्या पक्क्या चौकटीवर उभा नसतो. जागेपणी जीभ, टाळू आणि घशाच्या भिंतींतले स्नायू तो ताणून उघडा ठेवतात. झोपेत हे स्नायू सैल पडतात. मानेत चरबी जास्त असेल, जबडा थोडा मागे असेल, माणूस उताणा झोपला असेल, तर श्वास आत ओढताना घसा चिंबतो. अर्धवट चिंबला की घोरण्याचा आवाज येतो, पूर्ण मिटला की आवाज थांबतो. म्हणजे तुम्हाला जी शांतता ऐकू येते ती आरामाची नव्हे. त्या वेळी छाती आणि पोट जोर लावत असतात, हवा मात्र आत जात नाही. असा अडथळा १० सेकंद किंवा त्याहून जास्त टिकला तर त्याला अॅप्निया म्हणतात. ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, शेवटी मेंदू माणसाला काही क्षण जागं करतो, घसा उघडतो आणि तो घुसमटलेला मोठा श्वास येतो. ही जाग बहुतेक वेळा आठवतसुद्धा नाही. पण रात्रीत ती शे-दोनशे वेळा आली तर आठ तास अंथरुणात काढूनही झोप झालेली नसते. दुपारची पेंग तिथून येते.

आता यात सीओपीडी कुठे बसतो? झोपेत सगळ्यांचाच श्वास थोडा उथळ होतो. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, बरगड्यांमधले आणि मानेतले श्वासाला मदत करणारे स्नायू जवळजवळ बंद असतात, सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. निरोगी माणसाचं त्यावर भागतं. सीओपीडीत फुप्फुसांत हवा अडकून छाती फुगलेली असते, त्यामुळे श्वासपटल खाली दाबलं जाऊन सपाट होतं आणि त्याचा जोर कमी पडतो. असा माणूस जागेपणी मानेच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंवर निभावून नेतो, आणि नेमके तेच स्नायू रेम झोपेत साथ सोडतात. रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. तुम्हाला ८४ दिसला तो साडेतीनला, हे त्याच्याशी जुळतं.

आणखी एक गोष्ट आकड्यांची. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब आणि ऑक्सिमीटरवरची टक्केवारी यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. ९५ च्या वर आलेख सपाट असतो, दाब बराच उतरला तरी टक्केवारी थोडीच हलते. ९० च्या आसपास मात्र तो वेगाने खाली वळतो. म्हणून दिवसा ९७ असणाऱ्या माणसाचा घसा अर्धा मिनिट बंद पडला तर आकडा ९२-९३ वर थांबू शकतो, आणि ९३ पासून सुरुवात करणाऱ्याचा त्याच अर्ध्या मिनिटात ८५ च्या खाली जाऊ शकतो. घसा आणि फुप्फुसं अशा दोन्ही बाजूंनी झोपेतला श्वास अडतो त्या स्थितीला १९८५ साली छातीविकारतज्ज्ञ डेव्हिड फ्लेन्ली यांनी ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ असं नाव दिलं. दोन्ही आजार एकमेकांमुळे होतातच असं नाही, पण एकत्र आले की नुसत्या बेरजेपेक्षा जास्त त्रास देतात. रात्रीचा ऑक्सिजन खोलवर उतरतो, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

तुमच्या यजमानांना हाच त्रास आहे असं पत्र वाचून ठामपणे सांगता येणार नाही, पण शंका दाट आहे. डॉक्टर प्राथमिक अंदाजासाठी आठ प्रश्नांची एक यादी वापरतात : मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलं आहे का, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष. ५ किंवा त्याहून जास्त ‘हो’ आले तर धोका मोठा धरतात. तुमच्या पत्रातूनच ७ ‘हो’ निघतात. बीएमआय तेवढा ३२.६ आहे. सकाळचं डोकं जड होणं आणि ते तासाभरात उतरणं याकडे मात्र वेगळं लक्ष द्या. रात्री कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उठल्यावर डोकं ठणकतं किंवा जड राहतं. ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ऑक्सिजनचा निर्णय तिच्याशी बांधलेला आहे.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरी दोन कामं करता येतील. पहिलं, मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचं चित्रण. अंगावरचं पांघरूण बाजूला करून छाती आणि पोट दोन्ही दिसतील असं, आवाजासकट. शांततेच्या वेळी पोट वर-खाली होत असेल आणि छाती-पोट उलटसुलट हलत असेल तर अडथळा घशात आहे. छातीही निश्चल आणि पोटही निश्चल असेल तर मेंदूकडून श्वासाचा आदेशच जात नाही, तो सेंट्रल अॅप्निया. तो हृदयाचा अशक्तपणा, पक्षाघात, अफूजन्य वेदनाशामकं यांत दिसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. एक चित्रण उताणं झोपलेले असताना करा, एक कुशीवर असताना. दुसरं काम, एक-दोन आठवड्यांची नोंदवही : झोपायला कधी गेले, अंदाजे झोप कधी लागली, जाग किती वेळा आली, कधी उठले, दिवसा कुठे कुठे डुलकी लागली.

ऑक्सिमीटरबद्दलही दोन शब्द. तुम्ही लावायला गेलात तेव्हा ते हलले असतील, बोट गार असेल, पकड सैल असेल, तर एकट्या आकड्याचा भरवसा धरू नका. आकडा पाहण्याआधी नाडीची रेघ नियमित उठते आहे ना ते बघा आणि निदान अर्धा मिनिट थांबा. खरा उपयोग रात्रभर नोंद ठेवणाऱ्या ऑक्सिमीटरचा. त्याच्या आलेखात बऱ्याचदा उत्तर उघड दिसतं. करवतीच्या दात्यांसारखे ओळीने चढउतार असतील, साधारण मिनिटा-मिनिटाला एक, तर घसा पुन्हा पुन्हा बंद पडतो आहे. दाते नाहीत, पण अर्धा-पाऊण तास रुंद खड्डा आहे आणि असे दोन-तीन खड्डे पहाटेकडे वाढत गेले आहेत, तर श्वास उथळ पडतो आहे. ओव्हरलॅपमध्ये खड्ड्यातच दाते दिसतात, आणि दोन दात्यांच्या मधेही रेघ मूळ पातळीवर परत येत नाही. नातेवाइकांचा सल्ला या फरकापाशीच चुकतो.

स्लीप स्टडी घरीही होते. त्यात नाकाशी हवेची नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर इतकंच असतं. फुप्फुसांचा मोठा आजार नसलेल्या, स्पष्ट लक्षणांच्या माणसाला ती पुरते. सीओपीडी असताना आणि कार्बन डायऑक्साइड साठण्याची शंका असताना रुग्णालयातलीच करावी. घरच्या तपासणीत माणूस प्रत्यक्ष किती वेळ झोपला हे कळत नाही, ती बहुधा यंत्र चालू असलेल्या सगळ्या वेळाने भागाकार करते. तीन तास जागा राहिलेल्या माणसाचा आजार त्यामुळे सौम्य दिसतो. रुग्णालयात डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना तारा, नाकाशी हवेचा मापक, छाती आणि पोटाला दोन पट्टे, ईसीजी, ऑक्सिमीटर असं सगळं लावतात. कार्बन डायऑक्साइडही मोजण्याची सोय आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारा. दुखत काही नाही. त्या दिवशी दुपारी झोपू नये, दुपारनंतर चहा-कॉफी नको, केसांना तेल लावू नये, नाहीतर तारा चिकटत नाहीत. इनहेलर आणि रोजची औषधं मात्र नेहमीसारखी घ्यायची.

अहवालात पहिला आकडा एएचआय. श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडण्याचे प्रसंग तासाला किती, हे तो सांगतो. ५ च्या आत सर्वसाधारण, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. पण तुमच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका. ऑक्सिजन ९० च्या खाली किती वेळ होता, सगळ्यात खाली कुठवर गेला, रेम झोपेत काय झालं, उताणं आणि कुशीवर यांत फरक किती, हे सगळं विचारा. एएचआय १२ म्हणजे ‘सौम्य’, आणि तरी निम्मी रात्र ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं सीओपीडीत होऊ शकतं. ‘सौम्य’ या शब्दावर समाधान मानून फाइल मिटवली जाते ती अशा वेळी. सोबत स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, ताजी हवी, आणि दिवसा जागेपणी धमनीतल्या रक्ताची तपासणी, म्हणजे एबीजी. त्यात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ च्या वर असेल तर तो साठतो आहे. साध्या रक्ततपासणीतलं बायकार्बोनेट २७ किंवा जास्त आलं तर तशी शंका घेऊन एबीजी करावीच.

आता ऑक्सिजन. घसा बंद पडल्यावर तो उघडायला भाग पाडते ती मेंदूला येणारी जाग, आणि त्या जागेला ऑक्सिजन उतरण्याचाही हातभार असतो. बाहेरून ऑक्सिजन सोडला तर तो उतरायला वेळ लागतो, जाग उशिरा येते, काहींमध्ये एकेक अडथळा लांबतो. ऑक्सिमीटर ९४ दाखवतो, घरचे निर्धास्त होतात आणि कार्बन डायऑक्साइड वाढत राहतो. सीओपीडीत ज्यांच्याकडे तो आधीच साठलेला असतो त्यांना जास्तीचा ऑक्सिजन आणखी सुस्त करू शकतो. सकाळी डोकं जास्त दुखणं, उठवल्यावरही भानावर यायला वेळ लागणं ही त्याची चिन्हं. असा साठा असणाऱ्यांमध्ये डॉक्टर ऑक्सिजन देतानासुद्धा ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. आकडा जितका वर तितका चांगला, हे गणित इथे चालत नाही.

ऑक्सिजन कधीच नको असं नाही. आजार स्थिर असताना, जागेपणी, आराम करताना धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली, किंवा ऑक्सिमीटर ८८ किंवा त्याखाली असेल तर घरी रोज १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन देतात, आणि त्यात आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं आहे. दिवसा ९३ असलेले तुमचे यजमान आज त्यात बसत नाहीत. दुसरी वेळ, घसा उघडा ठेवणारं मशीन लावूनही रात्री ऑक्सिजन ८८ च्या वर टिकत नाही तेव्हाची. मग ऑक्सिजनची नळी त्याच मशीनच्या नळीला जोडतात, तीही तपासणीत लिटर ठरवून. तसं झालं तर एक क्रम लक्षात ठेवा : आधी मशीन चालू, मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. उलट केलं तर बंद मशीनमध्ये ऑक्सिजन साठून आगीचा धोका राहतो.

घसा बंद पडत असल्याचं नक्की झालं तर मुख्य उपचार सीपॅप. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला आणि आजही त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. मशीन खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नाकात सोडतं, त्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. ते ऑक्सिजनचं मशीन नव्हे, ही गल्लत खूप होते. कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर सीपॅप पुरत नाही, तिथे बायपॅप लागतं. त्यात श्वास घेताना दाब जास्त आणि सोडताना कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला जोर मिळतो आणि वायू बाहेर पडतो. दाब रुग्णालयात तपासणीखालीच ठरवून घ्या. दाब आपोआप जुळवून घेणारं मशीन सरळ घरी लावणं इतरांना चालतं, सीओपीडी आणि उथळ श्वास असताना नाही, कारण ते घशाचा अडथळा ओळखतं, श्वास पुरेसा खोल आहे की नाही याची त्याला फिकीर नसते. स्पेनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओव्हरलॅपच्या ज्या रुग्णांनी सीपॅप वापरला त्यांचं आयुर्मान नुसता सीओपीडी असलेल्यांच्या जवळ राहिलं. न वापरणाऱ्यांमध्ये मृत्यूही जास्त होते आणि सीओपीडी उसळून रुग्णालयात जाणंही.

मशीन बाजूला पडतं ते बहुतेक वेळा मास्कमुळे, म्हणून त्यावर थोडं रेंगाळतो. मास्क बसून लावून पाहू नका. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा, क्रीम नको. ज्या कुशीवर झोपतात तसं झोपवा. कवळी रात्री काढून ठेवत असतील तर काढूनच मास्क बसवा, कारण कवळीविना गाल आत जातात आणि माप बदलतं. पट्टे सैल ठेवून मास्क चेहऱ्यावर टेकवा, मशीन पूर्ण दाबावर चालू करा, मग मास्क क्षणभर चेहऱ्यापासून किंचित उचलून परत ठेवा, म्हणजे कडेची पातळ रबरी झालर हवेने फुगून नीट बसते. आता दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, थोडे थोडे आवळा. पट्ट्याखाली बोट सरकलं पाहिजे. गळती होते म्हणून पट्टे करकचून आवळणं ही नेहमीची चूक. त्याने झालर चुरगळते, गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते. हवा डोळ्यांकडे येत असेल तर मास्क मोठा आहे किंवा वर सरकला आहे. मास्कवरची बारीक भोकं मात्र बुजवायची नाहीत. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो.

पहिले चार-पाच दिवस मास्क आणि मशीन दिवसा, जागेपणी, काही वाचत किंवा पाहत २०-३० मिनिटं लावू द्या. एकदम रात्री बांधला की जीव घुसमटतो आणि मन कायमचं उठतं. तोंड सकाळी कोरडं पडत असेल तर झोपेत तोंड उघडून हवा निसटते आहे. मशीनचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारा भाग, वाढवा, नाक चोंदलेलं असेल तर मिठाच्या पाण्याचा नाकातला स्प्रे वापरा, तरी थांबलं नाही तर नाक-तोंड झाकणारा मास्क घ्या. नळीत पाणी साठून गुडगुड होत असेल तर मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा, ओलावा एक घर कमी करा, नळी पांघरुणाखालून घ्या. पोट फुगत असेल तर हवा गिळली जाते आहे. डॉक्टरांना सांगा, दाब किंवा मशीनचा प्रकार बदलता येतो. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घाला, उरलेलं रोज सकाळी ओतून टाकी वाळवा. झालर रोज पुसायची, मास्क आणि नळी आठवड्याला सौम्य साबणाच्या पाण्यात. स्पिरिट, सुगंधी द्रव काही नको. सीओपीडीच्या छातीला तो वासही पुरतो.

मशीन किती तास वापरावं? ‘निदान चार तास’ हा हिशेबापुरता आकडा आहे. पहाटे चारला मास्क काढून ठेवणारे पुष्कळ असतात, पण रेम झोप जास्त ती त्यानंतरच, म्हणजे नेमका वाईट काळ उघडा पडतो. लघवीला उठले तरी परत लावायचा. मशीन रोजचे तास, गळती आणि उरलेला एएचआय नोंदवतं. उरलेला एएचआय ५ च्या आत हवा. महिन्याने ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि मशीन लावून रात्रभराचा ऑक्सिमीटर पुन्हा करून घ्या. एएचआय २ असूनही ऑक्सिजन खाली राहत असेल तर मशीनची नोंद तुम्हाला ते सांगणार नाही.

जबडा पुढे धरणारी दंतपट्टी सौम्य आणि मध्यम अॅप्नियात कामाची आहे, ओव्हरलॅपमध्ये ती पहिली निवड नाही. कुशीवर झोपणं आजपासून सुरू करा. पाठीमागे लांब लोड लावला की उताणं वळणं टळतं. पलंगाचे उशाकडचे पाय साधारण १५ सेंटिमीटर उंच करा. उशांची चळत नको, तिने मान पुढे दुमडते आणि घसा आणखी अरुंद होतो. जळजळ होत असेल तर रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. वजनाचा परिणाम मोठा आहे. वजन १० टक्के उतरलं की एएचआय सरासरी चतुर्थांशाने कमी होतो असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ अभ्यासात दिसलं. पण सीओपीडीत नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं तर स्नायूही जातात आणि धाप वाढते, म्हणून ते फुप्फुसांच्या पुनर्वसनाच्या व्यायामाबरोबरच करायचं. टिर्झेपटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठपणासह मध्यम-तीव्र अॅप्नियासाठी मान्यता दिली आहे. ते सुचवलं गेलं तर विचार जरूर करा, पण मशीनच्या ऐवजी म्हणून नव्हे.

झोपेच्या गोळीचं कारण आता लक्षात आलं असेल. बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि वाचवणारी ती जाग लांबवतात. दारू तेच करते. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि अफूजन्य वेदनाशामकं श्वासाचा वेगच मंदावतात. आधीपासून अशी गोळी रोज चालू असेल तर मात्र एका दिवसात तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या. आणि अडीच-तीनची जाग अॅप्नियाचीच असण्याची शक्यता मोठी आहे, मशीन सुरू झाल्यावर ती पुष्कळदा आपोआप जाते. नाही गेली तर औषधांच्या वेळा पाहा : स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या सकाळीच घ्यायच्या, थिओफायलिन झोप उडवतं, मॉन्टेलुकास्टने काहींना वाईट स्वप्नं पडतात. त्याउपर उरली तर तिचा पहिला उपचार गोळी नव्हे, वर्तन बदलण्याचा आहे. उठायची वेळ रोज एकच, झोप आली तरच पलंगावर, वीसएक मिनिटं झोप लागली नाही की उठून मंद उजेडात बसायचं, दुपारची झोप बंद.

इनहेलर चालूच राहतील. डॉक्टरांसमोर एकदा वापरून दाखवायला सांगा, वर्षानुवर्षं चुकीच्या पद्धतीने ओढणारे कमी नाहीत. ओठ किंवा बोटांची टोकं निळसर होणं, उठवूनही नीट जागं न होणं, बोलणं असंबद्ध होणं, पायांवर नव्याने सूज, विश्रांतीतही धाप, यांतलं काही दिसलं तर स्लीप स्टडीच्या तारखेची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा. दिवसाची पेंग आटोक्यात येईपर्यंत त्यांनी गाडी चालवू नये, जवळच्या अंतरासाठीही नाही. आणि कधी कोणतंही ऑपरेशन ठरलं, दातांचं भूल देऊन असलं तरी, भूलतज्ज्ञांना झोपेच्या आजाराबद्दल आधी सांगा, अहवाल दाखवा आणि मशीन, मास्क, नळी रुग्णालयात सोबत न्या. भूल आणि वेदनाशामकांनंतरच्या पहिल्या काही रात्री घसा मिटण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे दुपारी डुलकी घेतानासुद्धा मास्क लावायला लावा.